दोन बेस आणि लाल शाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप दादास,

(तीर्थात उतरायला मला नऊ वर्षं लागली, कारण पाणी फार थंड होतं. सोबत नमस्कार पाठवतो आहे. ठेवून घे, नाहीतर परत कर.)

एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या भाषेत एवढे कोश झाले, व्याकरणं झाली, परिषदा भरल्या, ठराव झाले, आणि आजतागायत 'बेस' या शब्दाचं लिंग कुणी ठरवलेलं नाही. गिटार ती. इथवर माझी हरकत नाही. पण 'बेस गिटार' मधली गिटार बोलण्यात गळून गेली आणि नुसता बेस उरला, की तो तो, ती, की ते? वाद्यांच्या दुकानातल्या बाई 'ती' म्हणतात. मी मनातल्या मनात 'तो' म्हणतो. आपल्या बँडमधला गाणारा 'ते' म्हणायचा, पण तो सगळ्यालाच 'ते' म्हणायचा, स्वतःच्या सासऱ्यालासुद्धा. तीस वर्षं व्याकरण शिकवणारा माणूस दुकानात उभा राहतो आणि 'मला तो... ती... ते बघू' असं चाचरतो, तेव्हा गिऱ्हाइकं त्याच्याकडे दयेनं बघतात. याला जबाबदार कोण?

आता तू विचारशील की वाद्यांच्या दुकानात माझं काय काम. (तू नाही विचारलंस तर वहिनी विचारतील. त्यांना माझा नमस्कार, आणि तो परत करायची मुभा नाही.) हे काम तुझ्या लेकीनं लावलं. मागच्या रविवारी भिंगरी आली, ग्रीस लागलेल्या हातांनी आमच्या हिची पांढरी उशी धरून बसली आणि म्हणाली,

"काका, माझं सायकलचं दुकान चौदा मार्चला उघडतंय. संध्याकाळी पाच वाजता. तू बेस वाजवायचा, बाबा ड्रम वाजवणार."

"बाबा हो म्हणाले?"

"बाबा म्हणाले, काका हो म्हणाला तर बघू."

"आणि बाबांना तू काय सांगितलंस?"

"काका म्हणाला, बाबा हो म्हणाले तर बघू."

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणणारच होतास."

दादा, ही मुलगी सायकली दुरुस्त करण्यात वाया जाते आहे. हिला परराष्ट्र खात्यात घ्यायला हवं होतं.

तर मी 'हो' म्हणालो. आधी मी म्हणालो, ही नोंद असू दे. पण वाजवायला वाद्य लागतं, आणि माझं वाद्य नऊ वर्षांपूर्वी... त्या प्रकरणावर मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. एवढंच म्हणतो, की ज्या गृहस्थानं अर्ध्या गावाला गाडी मागे कशी घ्यावी हे शिकवलं, ज्याच्या दारावर 'ड्रायव्हिंग स्कूल' अशी हातभर पाटी आहे, त्यानं स्वतः गाडी मागे घेताना निदान एकदा आरशात बघायला हरकत नव्हती. झालं. लिहिणार नव्हतो ते लिहून झालं.

दुकानात मला पसंत पडतील असे दोन बेस आहेत. दोन्ही नवे, पण जुन्या काळच्या घाटाचे. एकाच कारखान्यानं पूर्वी एक नमुना काढला, पाच वर्षांनी त्यात थोडा बदल करून दुसरा काढला, आणि आता त्या दोन्हींच्या हुबेहूब प्रती पुन्हा निघाल्या आहेत. बाई त्यांना 'थोरली' आणि 'धाकटी' म्हणतात आणि मुलींची ओळख करून द्यावी तशी ओळख करून देतात. "थोरली जरा अंगानं भरलेली आहे हं. धाकटीची मान नाजूक." रंग दोघींचा एकच, मधोमध मधासारखा आणि कडेला करपलेल्या पावासारखा. कारखान्यात यंत्रानं त्यांच्यावर ओरखडेसुद्धा पाडले आहेत, जुन्या दिसाव्यात म्हणून. मी केसांना कलप लावून त्यांच्यासमोर उभा होतो. आमची फसवणूक नेमकी उलट दिशांनी चालली होती.

दोघींना चार तारा, तारांखाली आवाज पकडणारं एक-एक पिकअप. थोरलीचा दांडा जाड, लाख चढवलेला, चकचकीत. धाकटीचा वर निमुळता, हाताला कोरडा लागणारा. वजनात अर्ध्या किलोचा फरक. आवाज म्हणशील तर थोरली गोड आणि गोल आहे, पिकलेल्या फळासारखी. धाकटी कोरडी, जरा टणक. संस्कृतात अशा जोड्यांसाठी द्विवचन आहे. एक नाही आणि अनेक नाहीत, दोनच, त्यांची वेगळी रूपं. डोळे, कान, भाऊ. मराठीनं ते टाकून दिलं, आणि तेव्हापासून आपण दोघांना गर्दीतच मोजतो.

कुठला घेऊ, ते तू सांग. शेवटी माझ्या बेसला तुझ्या पायाच्या ड्रमबरोबरच नांदायचं आहे.

भिंगरी म्हणते, "सरळ फोन कर ना." फोनवर माझं मन लागत नाही. पत्रात माणसाला स्वतःची वाक्यं सुधारता येतात.

आशिर्वाद असावा.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

आठ दिवस झाले. तुझं उत्तर नाही, पण गुप्तवार्ता आली आहे. वहिनींनी काल हिला फोनवर सांगितलं, "पत्र आलं. ह्यांनी दोनदा वाचलं आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं." तू दिवसातून चार वेळा चहा पितोस आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घालतोस. म्हणजे माझं पत्र तुला दिवसातून चारदा भेटतं. एवढ्या भेटी नऊ वर्षांत झाल्या नव्हत्या. मी आशा सोडलेली नाही.

वहिनींनी आणखी एक सांगितलं. "भाऊजींना म्हणावं, बेसबद्दल कितीही लिहा, ते ज्या गोष्टीची वाट बघतायत ती त्यात नाहीये."

बरं. लिहितो.

गाडीखाली बेस गेल्याचं मला वाईट वाटलं होतं. सात वर्षं गळ्यात घालून वाजवला होता. पण राग म्हणशील तर तो तीन दिवसांत ओसरला. चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं. चार पानांचं. तू, ज्यानं शाळेत निबंध म्हणून 'माझा आवडता प्राणी: गाय' एवढंच लिहून वही दिली होती, त्यानं चार पानं लिहिली. सगळं पाठीमागून पुढे, स्वल्पविरामाशिवाय, जीव तोडून.

आणि मी ते वाचायला बसलो तेव्हा टेबलावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. हातात लाल पेन होतं. पहिल्या ओळीत 'दिलगीर' चं 'दिलगिर' झालं होतं, ते माझ्या हातानं आपोआप दुरुस्त केलं. मग थांबता येईना. एकतीस चुका. शेवटच्या पानाच्या तळाशी, वीस वर्षांच्या सवयीनं, मी लिहिलं: 'पुन्हा लिहा.'

आणि पाकिटात घालून परत पाठवलं. असं का केलं, याचा विचार मी खूप वर्षं करतो आहे. मला वाटतं, तू एवढं लिहिलंस याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी व्याकरणामागे लपतो. हे शास्त्रोक्त कारण आहे. साधं कारण असं, की मी गाढव आहे.

पण एक मुद्दा माझ्या बाजूनं मांडू दे. 'पुन्हा लिहा' चे दोन अर्थ होतात. एक, हे चुकलं आहे, दुसऱ्यांदा लिहून आणा. दुसरा, पत्र मिळून आनंद झाला, असंच लिहीत राहा. वाक्य एकच, अक्षर एकच. तू पहिला अर्थ घेतलास. मला तेव्हा दुसरा म्हणायचा होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आज मात्र तोच म्हणायचा आहे.

एवढं झालं. आता बेस.

काल हिला घेऊन पुन्हा दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, "आलात? दोघी तुमची वाटच बघत होत्या." मी थोरली गळ्यात घातली. ती घातल्यावर माणूस आपोआप ताठ उभा राहतो, कारण वाकला तर पडेल. तिच्या पुलावर, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात तिथे, जुन्या पद्धतीचं क्रोमचं झाकण आहे आणि आत स्पंजाची पट्टी आहे, सूर पटकन मिटावा म्हणून. ते झाकण बघितलं आणि मी दुकानात एकटाच हसत सुटलो. बाईंनी हिच्याकडे बघितलं. हिनं 'असंच असतं' अशी मान हलवली.

आठवतं? माझ्या जुन्या बेसला असंच झाकण होतं आणि तू ड्रमची चावी हरवू नये म्हणून त्याच्याखाली सरकवून ठेवायचास. मला न सांगता. तीन महिने एकच सूर झणझणत होता. मी तारा दोनदा बदलल्या. दांडा सरळ करून घेतला. घरातल्या खिडक्यांची तावदानं तपासली. आणि तू प्रत्येक वेळी ड्रममागून गंभीर चेहऱ्यानं म्हणायचास, "तुझ्या बोटांत दोष आहे." मग एक दिवस सगळ्यांसमोर माझं झाकण उघडून, चावी काढून, ड्रमचं कातडं आवळून, पुन्हा जागेवर ठेवलीस. इतक्या सहज, की मलाच वाटलं, ती तिथेच असायला हवी.

मी वाजवत असताना ही म्हणे तीनदा "अहो" म्हणाली. मला कळलं नाही, वाजवण्यात गर्क होतो. कलाकारांचं असं होतं. ती डावीकडे उभी होती आणि तोंड फुगवून परत आली तेव्हा उजवीकडे होती.

तर निष्कर्ष. दोन्ही पुन्हा नीट ऐकल्या. थोरली कोरडी, सुकं लाकूड ठोकल्यासारखी. धाकटी भरलेली, गोड, प्रत्येक सूर वाटीत दही लागल्यासारखा घट्ट. हिचं मतही तसंच पडलं. कोरडं तुझ्या ड्रमशी जुळेल की गोड, हे तू ठरवायचं आहेस.

साखर कमी कर. वय झालं.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दादा! दादा! दादा!

(संबोधनाची ही त्रिरुक्ती व्याकरणात बसते की नाही ते मी आज बघणार नाही.)

पाकीट आलं. तुझं अक्षर बघून मी ते उभ्याउभ्याच फाडलं, मधल्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत. आत माझीच दोन पत्रं होती. लाल शाईनं तपासलेली.

मी इतक्या मोठ्यानं हसलो की गणिताच्या बाईंच्या हातातली पोळी... पोळी नव्हे, डबाच खाली पडला. त्यांना वाटलं, मला बढती मिळाली. मी म्हटलं, "मिळाली."

लाल पेन तू विकत आणलंस, की वहिनींनी दिलं? एका रेघेला जी ताकद लावली आहेस, ती स्टिअरिंग वळवणाऱ्या हाताची आहे. कागद दोन ठिकाणी फाटला आहे.

तुझ्या शेऱ्यांना क्रमानं उत्तरं देतो.

'आशिर्वाद' भोवती वर्तुळ काढून तू लिहिलं आहेस, 'शी दीर्घ. लाज वाटली पाहिजे.' मी ताबडतोब लिहिणार होतो, की ही चूक मी मुद्दाम ठेवली होती, तू नीट वाचतोस का ते बघायला. पण तसं नाही. ती खरीच चूक आहे. तीस वर्षं हा शब्द मुलांच्या वहीत दीर्घ करणारा मी, तुझा मागताना ऱ्हस्व मागितला. तो शब्द लिहिताना हात घाईत होता, एवढंच.

'अर्ध्या गावाला शिकवलं' याखाली रेघ मारून, 'पाऊण.' मान्य.

'साखर कमी कर' याच्यासमोर, 'हे घर माझं आहे.' मान्य.

गाढवाच्या वाक्यासमोर तू काहीच लिहिलेलं नाहीस. नुसती बरोबरची खूण. ती मी बराच वेळ बघत होतो.

लिंगनिर्णयाबद्दल तू मोठ्या अक्षरांत लिहिलंस, 'तो, ती, ते कशाला? आपला म्हण. आपला बेस. प्रश्न मिटला.' दादा, 'आपला' हे पुल्लिंगीच रूप आहे, प्रश्न जिथे होता तिथेच आहे. पण मी लाल पेन उचललं नाही. ही माझी नऊ वर्षांतली प्रगती समज.

आणि दुसऱ्या पत्राच्या तळाशी, 'पुन्हा लिहा.' मी दुसरा अर्थ घेतला आहे. चुकलो असेन तर तसाच चुकू दे.

राहता राहिला तुझा तो मोठा शेरा. दोन्ही पत्रांतल्या दोन ओळींना बाण काढून जोडलं आहेस. 'तीन तारखेला थोरली गोड, धाकटी कोरडी. अकरा तारखेला थोरली कोरडी, धाकटी गोड. गाडी एकाच वेळी पुढे आणि मागे जात नाही. नक्की काय?' याचं उत्तर सोपं आहे. मधल्या काळात बाईंनी तारा बदलल्या असाव्यात. शिवाय हवा. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं. या विषयावर स्वतंत्र ग्रंथ होईल.

तू म्हणतोस, चौदा तारखेला येतो, ड्रम घेऊन येतो, पण त्याआधी एक परीक्षा दे. 'बाईंकडे पाठ कर. त्यांना दोन्ही बेस मिळून सहादा वाजवायला सांग. थोरली की धाकटी ते ओळख. किती बरोबर आले ते कळव.' शिकाऊ लोकांना डोळे मिटून गिअर ओळखायला लावणारा माणूस तू, तुला दुसरं काय सुचणार!

येतोस! हे मी माझ्याच पत्राच्या समासातून शोधून काढलं, इतकं बारीक लिहिलं आहेस. 'ड्रम घेऊन येतो.' हिला वाचून दाखवलं, तर ही म्हणाली, "चला, पाहुण्यांची गादी उन्हात घालायला हवी." आणि लगेच घातलीसुद्धा, अजून तीन आठवडे असताना. भिंगरीला कळवलं. ती म्हणाली, "मला माहितीये. बाबांनी कालच ड्रम धुतले." ड्रम धुतात का रे कुणी?

तुझा धाकटा

२५ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

घाईत आहे, तोंडी परीक्षा चालू आहेत. तुझी परीक्षा काल दिली. सहापैकी सहा. बाई थक्क झाल्या. ही थक्क झाली. मी स्वतः फारसा थक्क झालो नाही, कान तयार असला की काय अवघड आहे?

तेव्हा आता बेस कुठलाही चालेल, मी दोन्ही ओळखतो. शनिवारी एक घेऊन टाकतो. तू काळजी करू नकोस. ड्रम मांडायला भिंगरीनं भिंतीपासून आठ फूट जागा सोडली आहे. नेहमीसारखा माझ्या डाव्या हाताला बस. किंवा ते आल्यावर बघू.

तुझा धाकटा

५ मार्च, गुरुवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आठ वाक्यं, एकही चूक नाही. वहिनींनी तपासलं की काय?

'मी इथल्या दुकानात गेलो. अशाच दोन प्रती तिथे होत्या. तिथल्या पोराकडून नाही, मालकाकडूनच वाजवून घेतल्या. पाठ करून सहादा ऐकल्या. मला चार आले. मालकाला स्वतःला चारच येतात म्हणाला. तुला सहा कसे आले? खरं लिही.'

तू माझ्यासाठी दुकानात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास, हे डोळ्यांसमोर आणून मी सकाळपासून हसतो आहे. तुझ्यासारखा आडवा माणूस, हात मागे बांधून, आणि मागून कुणीतरी 'डुंग डुंग' करतंय.

खरं लिहितो.

मी पाठ करून उभा राहिलो. समोर भिंतीवर बासऱ्या टांगल्या होत्या, त्या मोजत होतो. ही बाकावर कागद-पेन्सिल घेऊन बसली. बाई प्रत्येक वेळी खालच्या सुराचीच जाड तार छेडायच्या, कारण फरक तिथेच जास्त कळतो म्हणे. पहिल्यांदा मी म्हटलं, "थोरली." मग "धाकटी." तिसऱ्यांदा मी वाट बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "वाजवली की." मी म्हटलं, "हो हो, थोरली." सहाही उत्तरं दिली. ही कागदाकडे बघत होती. तिनं त्याची बारीक घडी केली, पर्समध्ये टाकली आणि बाईंना म्हणाली, "छान आहेत हो दोन्ही."

बाहेर पडताना ती माझ्या डावीकडून चालत होती. कोपऱ्यावर आलो तेव्हा मागून वळसा घालून उजवीकडे आली. तेव्हापासून उजवीकडूनच चालते. कागद मी परवा पर्समधून काढून बघितला. सहापैकी एक.

गोड, गोल, पिकलं फळ, ही विशेषणं पहिल्या पत्रात मी दुकानदारीणबाईंकडून घेतली. दही आणि सुकं लाकूड दुसऱ्या पत्रात हिच्याकडून घेतलं. बाईंचा कान आणि हिचा कान एकमेकांशी पटत नाहीत, हे तू लाल शाईनं शोधून काढलंस. माझ्या स्वतःच्या कानाचा त्यात एक शब्दही नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. हिला न सांगता. एका काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर मोठे गोळे लावतात आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचं. वरचे सूर आले तेव्हा मी टकाटक दाबत होतो. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, डॉक्टर चहाला गेले. काचेतून बघितलं तर ते सूर वाजवत होते आणि माझ्या बटणाकडे बघत होते. डाव्या कानातून खालचे, खर्जाचे सूर गेले आहेत, उजव्यातलेही मंद झाले आहेत. वरचे सगळे आहेत, किटलीची शिट्टी, मागच्या बाकावरची कुजबुज, हिचे टोमणे. नेमके बेसचे गेले. मी बेस वाजवणारा, म्हणून तेवढेच. याला योगायोग म्हणायचं की खोडी, ते मी ठरवलेलं नाही. मुलांना मी शिकवतो, की कान हा शब्द संस्कृतात बहुतेक द्विवचनातच चालतो, 'कर्णौ'. आता माझा एकवचनात चालवायची सवय करतो आहे. फोन टाळून पत्रं लिहिली, त्याचं कारणही तेच. फोनवर तुझा खर्जातला आवाज मला अर्धाच आला असता आणि मी नुसतं 'हो हो' म्हणत राहिलो असतो. नऊ वर्षांनंतर तुझ्याशी 'हो हो' बोलायचं नव्हतं.

आता आनंदाची बातमी, कारण ती खरोखर आनंदाची आहे. परीक्षेनंतर मी शनिवारी एकटाच पुन्हा दुकानात गेलो. बाईंना खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग कानानं कशाला ऐकताय? अंगाशी धरा." मी थोरली गळ्यात न घालता छातीशी कवटाळली, वरचं शिंग, म्हणजे लाकडाचं पुढे आलेलं टोक, बरगडीला टेकवलं आणि खालची तार छेडली. दादा, तो सूर बरगडीत वाजला. आतून. पोटात, दातांत, कलप लावलेल्या केसांत. मग धाकटी घेतली. तिची मान खरंच सुंदर आहे, बोटं तिच्यावरून पळतात, पण ती बरगडीपर्यंत येते आणि दारातूनच परत जाते. थोरली घरात येऊन बसते. दोघींमधला हा एवढा एक फरक माझा स्वतःचा आहे, कुणाकडून घेतलेला नाही. बाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. डोळे मिटून, बेस अंगाशी धरून, तार त्या छेडणार. वजनावरून ओळखेन म्हणून प्रत्येक वेळी बेस त्यांनी खालून एका हातानं उचलून धरला होता. सहापैकी पाच! बाई टाळ्या वाजवायला गेल्या आणि धाकटी हातातून सुटता सुटता वाचली.

थोरली घरी आणली. म्हणजे आपला बेस घरी आणला. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास छातीशी धरून वाजवतो. ही म्हणते, "माझ्याशी लग्न झालं तेव्हा एवढा हसत नव्हतात." काल मी पुलावरचं झाकण काढून आतली स्पंजाची पट्टी एका बाजूला सरकवली. तुझी चावी बसेल एवढी जागा केली आहे. झणझणली तर झणझणू दे, मला बरगडीत कळेल.

भिंगरीच्या दुकानाची पाटी लागली. आत आठ फुटांची जागा आहे, तिनं खडूनं आखून ठेवली आहे, 'बाबा' आणि 'काका'. मी काल जाऊन दोन्ही शब्द पुसले आणि जागा बदलून लिहिले. ती म्हणाली, "का रे काका?" मी म्हटलं, "तिकडे उजेड चांगला आहे."

उजेडाचं काही नाही, दादा. तू माझ्या उजवीकडे बस. माझा बेस मला बरगडीत कळेल, त्याची मला काळजी नाही. उजव्या कानाला जवळचं अजून ऐकू येतं, पण तोही पूर्ण जाईल का, असं विचारलं तर डॉक्टर 'बघू' म्हणतात. मला भीती वाटते ती एवढीच, की नऊ वर्षांनी तू माझ्या शेजारी बसून वाजवशील आणि मला तू ऐकू येणार नाहीस.

तुझा धाकटा